पहिल्याच ड्राइव्हला स्टेल्व्हिओ नको

नवी स्पोर्ट्स कार हातात आली की सगळ्यांना आधी इटलीतला स्टेल्व्हिओ घाट आठवतो. जरा दमानं घ्या. प्रातो गावाच्या बाजूने 48 हेअरपिन (गाडी जवळजवळ उलट फिरवणारी वळणं), रस्ता अरुंद, त्यात सायकलवाले. नवख्याचा जीव मेटाकुटीला येतो. सुरुवात ऑस्ट्रियातल्या ग्रॉसग्लॉकनर घाटाने करा: 48 किमी, 36 मोठी वळणं, रस्ता ऐसपैस. टोल आहे, पण पैसे वसूल होतात. दोन्ही घाट हिवाळ्यात बंद असतात.

हमखास होणाऱ्या चुका:

- वळणात शिरल्यावर ब्रेक मारणं. ब्रेक आणि गिअर दोन्ही आधीच, गाडी सरळ असताना उरका.
- नजर बॉनेटपुढेच ठेवणं. वळण सुटतं तिथे बघा, हात आपोआप तिकडे वळतात.
- उतारावर ब्रेक दाबून धरणं. हे सगळ्यात महागात पडतं. ब्रेक तापले की पकड जाते, कधी ब्रेकचं तेल उकळून पेडल मऊ पडतं. खालचा गिअर टाका, ब्रेक थोडा वेळ नीट दाबा आणि सोडा. जळका वास आला की गाडी बाजूला घेऊन निवू द्या.

प्रवासाला निघण्यापूर्वी, टायर थंड असतानाच त्यांची हवा तपासा. हील-अँड-टो (एकाच पायाने ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर सांभाळणं), रेसिंग लाइन (वळणातून सगळ्यात वेगाने जायची वाट) वगैरे सध्या विसरा. आणि पुढचं दिसत नसेल तर आपली लेन सोडायची नाही, रस्ता कितीही मोकळा वाटो.