‘कंक ऑन अर्थ’मधले तज्ज्ञ खरे असतात का? तसा ८-१० मिनिटांचा भाग मराठीत करायचा तर काय काळजी घ्यावी?

हो, सगळे खरे. ‘कंक ऑन अर्थ’ ही माहितीपटाचं विडंबन करणारी ब्रिटिश मालिका; तिची निवेदिका फिलोमिना कंक खऱ्या तज्ज्ञांना खुळे प्रश्न विचारते. लिओनार्दो दा विंचीवर आयुष्यभर काम केलेले ऑक्सफर्डचे मार्टिन केम्प त्यात आहेत, भौतिकशास्त्रज्ञ जिम अल-खलिली आहेत. कार्यक्रम विनोदी आहे आणि फिलोमिना कंक हे डायन मॉर्गन या अभिनेत्रीने उभं केलेलं पात्र आहे, हे त्यांना आधीच माहीत असतं. पुढे कोणता प्रश्न येणार, ते मात्र माहीत नसतं. त्यामुळे प्रश्न ऐकल्यावर त्यांचं ते दोन क्षण गप्प होणं अभिनयातून आलेलं नसतं.

ब्रिटिश टीव्हीवर याच्या अगदी उलट पद्धतही होती. १९९७च्या ‘ब्रास आय’ या उपहासात्मक कार्यक्रमात नामवंतांना खऱ्या मोहिमेचं भासवून एका काल्पनिक अमली पदार्थाविरुद्ध बोलायला लावलं होतं. त्या पदार्थाबद्दल एका खासदाराने संसदेत प्रश्नही विचारला. तिथे हसं पाहुण्याचं होतं. कंकमध्ये पाहुण्याची शान शाबूत राहते आणि हसं होतं ते निवेदिकेचं, तिच्या ठाम आवाजाचं. तुम्हीही हीच पद्धत घ्या. प्राध्यापकांना फसवून केलेलं चित्रीकरण मला मुळातच पटत नाही, शिवाय पुढच्या वेळी कोणी दारात उभं करणार नाही.

कंक ज्याची नक्कल करते तो साचा आधी नीट पाहून घ्या. कला-इतिहासकार केनेथ क्लार्क यांची १३ भागांची ‘सिव्हिलायझेशन’ ही माहितीपट-मालिका १९६९ साली बीबीसीवर आली. एक विद्वान भव्य वास्तूसमोर उभा राहून थेट आपल्याशी बोलतोय, ही रीत तिने रुजवली. ‘कंक ऑन ब्रिटन’ (२०१८) आणि ‘कंक ऑन अर्थ’ (२०२२), दोन्ही पाच-पाच भागांच्या, ही रीत जशीच्या तशी उचलतात: गंभीर संगीत, आकाशातून घेतलेली दृश्यं, कोट घालून अवशेषांमधून चालणं. छायाचित्रण खऱ्या माहितीपटाच्या तोडीचं असतं. बिघडलेली असते फक्त संहिता आणि ती बोलणारी बाई. नवशिके नेमके इथेच चुकतात. विनोदी कपडे, विनोदी संगीत, कॅमेऱ्याकडे बघून मिस्कील हसू, असं सगळंच गमतीदार केलं की विडंबन उरत नाही, नुसतं स्नेहसंमेलनातलं प्रहसन होतं.

संहिता लिहिताना वाक्य खऱ्या माहितीपटासारखं सुरू करा आणि शेवटच्या दोन-तीन शब्दांत मोडा. मोडणारा शब्द अगदी शेवटी हवा. त्यानंतर क्रियापदाची शेपटी राहिली तरी हसू विरतं. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने हे अवघड जातं, म्हणून वाक्याची रचना उलटवावी लागते. ‘त्यांनी लेण्यात वायफाय शोधलं’ यापेक्षा ‘त्यांनी लेण्यात शोधलं ते वायफाय’ जास्त चालेल.

प्रश्नांसाठी एकच कसोटी लावा: प्रश्न कितीही खुळा असला तरी त्याला खरं उत्तर देता आलं पाहिजे. ‘अजिंठ्याची चित्रं भिंतीवर काढली, मग विकत घेणारा घरी कशी नेणार?’ या प्रश्नावर जाणकार माणूस मातीचा गिलावा, त्यातला भुसा आणि तंतू, वरचा पांढरा थर आणि भिक्षूंचं विहारातलं राहणं हे सगळं सांगू शकतो. तुमचा भाग त्या उत्तरावर उभा राहतो. ज्यावर तज्ज्ञाला नुसतं ‘नाही’ म्हणता येतं, तो प्रश्न काढून टाका. ५-६ प्रश्न वापरायचे असतील तर २५-३० लिहून न्या आणि मुलाखतीला पाऊण तास ठेवा.

कॅमेरे दोन हवेत. एकच असेल तर मुलाखतभर तो तज्ज्ञावर ठेवा, कारण पहिली प्रतिक्रिया पुन्हा मिळत नाही. निवेदिकेचे प्रश्न नंतर त्याच खुर्चीत, त्याच उजेडात वेगळे घ्या. दोघांनाही कॉलरचा माईक लावा आणि खोलीची शांतता अर्धा मिनिट वेगळी रेकॉर्ड करून ठेवा. संकलनात प्रश्नानंतरची दोन-तीन सेकंदांची शांतता भरायला ती लागते. ती शांतता कापू नका, कारण हशा तिथेच येतो. तज्ज्ञाचं उत्तर मात्र अर्थ बदलेल असं कधीही कापू नका, आणि प्रसिद्ध करण्याआधी त्यांना एकदा दाखवा.

चुकीची माहिती घालताना ती इतकी अशक्य ठेवा की कोणालाच खरी वाटणार नाही. सनावळीत दहा वर्षांची चूक केली तर विनोद होत नाही, फक्त अफवा तयार होते. आपल्याकडे तर ३० सेकंदांचा तुकडा व्हॉट्सअ‍ॅपवर एकटाच फिरतो.

जागेचंही आधीच बघा. केंद्र संरक्षित किल्ल्यावर किंवा लेण्यात चित्रीकरणाला पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी लागते. ती मिळणार नसेल तर गावातला जुना वाडा मालकाला विचारून घ्या, चौकातून दहा पावलं चालायला तो पुरतो.

आणि संपूर्ण भागात एक जागा गंभीर राहू द्या. ‘कंक ऑन अर्थ’मध्ये अण्वस्त्रं अजूनही आहेत हे कळल्यावर कंक खरोखर हिरमुसते आणि विषय बदला म्हणते. प्राध्यापकही समजुतीने तिला दुसऱ्या विषयाकडे नेतात. मला तो प्रसंग साऱ्या मालिकेत सर्वांत आवडतो.