घोषणा राहू द्या, पोरांना आधी हतनूरला न्या

मॅडम, शाळेतल्या हरित सेनेचं, म्हणजे पोरांच्या पर्यावरण गटाचं, काम नवीन हाती घेतलंय म्हणून सांगतो. 'झाडे लावा'च्या घोषणा पोरांना तोंडपाठ असतात, अन् वेफर्सची पुडी तरी खिडकीतूनच बाहेर जाते.

तुम्ही भुसावळकडच्या, तर डिसेंबर-जानेवारीत भल्या सकाळी त्यांना हतनूर धरणाच्या फुगवट्यावर, चांगदेवच्या बाजूला न्या. तिथे तापी-पूर्णेचा संगम आहे. हिवाळ्यात चक्रवाक येतात. नारिंगी-तपकिरी बदक, डोकं फिकट. नाव लगेच सांगू नका. 'हा काय खात असेल? पाणी आटल्यावर कुठे जाईल?' एवढंच विचारा अन् गप्प बसा. (हे गप्प बसणंच आपल्या मास्तरकीला जड जातं!) दुर्बीण एकच असली तरी चालेल, रांगेतली पोरं नुसत्या डोळ्यांनी जास्त टिपतात. काठावर अडकलेलं तुटकं जाळं दिसलं की पुढचे प्रश्न तेच विचारतील.

एप्रिलमध्ये पुन्हा तिथेच न्या, पण आपलं ऊन माहीत आहे. नऊच्या आत परत. डबा स्टीलचा, त्यात कळण्याची भाकरी अन् ठेचा.

शाळेत आठवड्याचा कचरा पोरांनाच काट्यावर तोलू द्या. बक्षीस मात्र ठेवू नका. बक्षीस थांबलं की सवयही थांबते.