जमीन, खनिजं, माणसं सगळं असूनही काही देश गरीबच का राहतात?

तुम्ही विचारलंय की ज्यांच्याकडे सगळं आहे ते देश मागे का पडतात आणि हाताशी काहीच नसलेले पुढे कसे जातात, आणि याचं खापर वसाहतवादावर फोडायचं की नशिबावर. मी अर्थतज्ज्ञ नाही. तयार कपड्यांच्या निर्यातीत मर्चंडायझर आहे, म्हणजे परदेशी खरेदीदाराची ऑर्डर कारखान्याकडून वेळेत करून घेणारी. त्यामुळे माझं उत्तर कपड्यांच्या वाटेनेच जाणार, आणि त्यासाठी हिंदी महासागरातले दोन शेजारी घेते.

मादागास्कर महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट आहे. निकेल, ग्राफाइट, नीलम सगळं आहे, आणि जगातला बहुतांश व्हॅनिला तिथेच पिकतो. मॉरिशस गोव्याच्या निम्म्याहून थोडं मोठं; ऊस आणि समुद्र, बस्स. आज मॉरिशसचं दरडोई उत्पन्न वर्षाला ११ हजार डॉलरच्या वर आहे, मादागास्करचं ५०० च्या आसपास. मादागास्करचा सर्वसाधारण माणूस १९६० साली, स्वातंत्र्याच्या वेळी होता त्याहून आज गरीब आहे, तेही कुठलं मोठं युद्ध न होता.

मॉरिशसचं भवितव्य सुरुवातीला कुणाला उजळ वाटत नव्हतं. जेम्स मीड या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने (पुढे १९७७ चं अर्थशास्त्राचं नोबेल याला विभागून मिळालं) १९६१ मध्ये जवळपास हातच टेकले होते: एकच पीक, भरमसाट वाढणारी लोकसंख्या, वर जातीधर्माची तेढ. हे भाकीत फसलं म्हणून आज त्याला हसतात, पण भरपूर कामगार लागतील असे कारखाने काढा, हा सल्लाही त्याचाच होता. १९६७ च्या निवडणुकीत ४४ टक्के मतदारांनी स्वातंत्र्याच्या विरोधात मत दिलं. १९६८ च्या जानेवारीत राजधानी पोर्ट लुईत दंगली पेटल्या, ब्रिटिश सैन्य बोलवावं लागलं. दोन महिन्यांनी देश स्वतंत्र झाला.

इथून पुढे जे झालं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सत्ता गिरमिटिया मजुरांच्या, म्हणजे कराराने बांधून उसाच्या मळ्यांवर नेलेल्या भारतीयांच्या, वंशजांकडे आली (त्यात मुंबई बंदरातून गेलेली आपली कोकण-साताऱ्याकडची माणसंही होती, गणेश चतुर्थीला तिथे आजही सार्वजनिक सुट्टी असते). पैसा मात्र फ्रेंच वंशाच्या मळेवाल्यांकडे होता. मळे जप्त करा म्हणणारे कमी नव्हते. पंतप्रधान शिवसागर रामगुलाम यांनी ते केलं नाही. साखरेच्या निर्यातीवर कर लावला, तोही मोठ्यांवर जास्त आणि छोट्या शेतकऱ्याला सवलत देऊन. १९६९ मध्ये तर त्यांनी स्वातंत्र्यालाच विरोध करणाऱ्या गाएतान दुवाल यांचा पक्ष सरकारात घेतला. मळेवाल्यांना कळलं की आपण इथे टिकणार, म्हणून साखरेचा नफा त्यांनी युरोपात न नेता तिथेच हॉटेलांत आणि कापड कारखान्यांत घातला. पिढ्यानपिढ्या राबवलेल्यांच्या मुलांनी मालकाशी अशी तडजोड करायची, हे सोपं नव्हतं. न्याय्य होतं का, यावर वाद घालता येईल.

१९७० मध्ये निर्यात कारखान्यांचा कायदा आला. निर्यातीच्या मालासाठी लागणारं सूत, झिप, यंत्रं, सगळ्यावरची आयात ड्यूटी माफ. आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा, याची किंमत काय ती. आधी ड्यूटी भरा, माल पाठवा, मग ड्रॉबॅकची, म्हणजे ड्यूटीचे पैसे परत मिळण्याची, वाट बघा, यात छोट्या कारखान्याचं खेळतं भांडवलच अडकून पडतं. दुसरी गंमत अशी की मॉरिशसने कुंपण घातलेला एखादा निर्यात विभाग केलाच नाही. बेटावर कुठेही कारखाना काढा, परवाना मिळाला की सवलत लागू. म्हणून कारखाने गावागावांत, बायकांच्या घराजवळ गेले. ज्या बेटावर स्वेटर कुणी घालत नाही ते ऑस्ट्रेलियाची लोकर आणून युरोपला स्वेटर विकू लागलं, आणि त्या मालाच्या जगातल्या मोठ्या निर्यातदारांत जाऊन बसलं. हे सगळं खुल्या बाजाराचं यश आहे असं मात्र समजू नका. देशातल्या बाजारासाठी माल बनवणाऱ्या उद्योगांना तेव्हा जबर आयातकराचं संरक्षण होतं.

नशीबही होतं. १९७५ पासून युरोप त्यांची साखर ठरलेल्या कोट्यात, बहुतेक वर्षं जागतिक भावापेक्षा बऱ्याच चढ्या दराने घ्यायचा. १९९७ मध्ये हाँगकाँग ब्रिटनकडून चीनकडे जाणार होतं, त्यानंतर आपलं काय होणार या धास्तीने तिथले कापडवाले नवी जागा शोधत होते. पण तोच साखर करार फिजीलाही होता, तिथेही गिरमिटियांचे वंशज होते. फिजीत १९८७ मध्ये दोनदा लष्कराने सत्ता घेतली, १९९७ पासून उसाच्या जमिनींचे भाडेपट्टे संपू लागले, भारतीय वंशाचे हजारो लोक देश सोडून गेले आणि साखरधंदा गाळात गेला.

मादागास्करबद्दल बोलताना थोडं सबुरीने घ्यायला हवं. ती फ्रेंचांची वसाहत होती, आणि त्यांनी १९४७ चा उठाव चिरडला तेव्हा हजारोंनी माणसं मेली. पण १९७५ नंतर राष्ट्राध्यक्ष रात्सिराका यांच्या सरकारने बँका, विमा, परदेशी व्यापार ताब्यात घेतला आणि उसनवारीवर मोठमोठे प्रकल्प काढले. ते धड चालले नाहीत, कर्ज तेवढं राहिलं. एके काळी तांदूळ विकणारा देश तांदूळ विकत घेऊ लागला. नव्वदीत तिथेही कपड्यांचे कारखाने आले, त्यातले काही तर मॉरिशसच्याच कंपन्यांचे. आणि २००२ मध्ये निवडणुकीच्या निकालावरून देशाला एकाच वेळी दोन राष्ट्राध्यक्ष झाले. एक राजधानीत, दुसरा तोआमासिना बंदरात. बंदराकडून राजधानीकडे येणारा रस्ता रोखला गेला, पूल उडवले गेले. कारखाने राजधानीच्या बाजूला, बंदर पलीकडे! ना सूत आत येणार, ना शिपमेंट बाहेर जाणार. बायर दयामाया करत नाही, सीझन चुकला की ऑर्डर दुसऱ्या देशात. सावरतायत तोवर २००९ ला पुन्हा सत्तापालट, आणि अमेरिकेची करमुक्त निर्यातीची सवलत गेली. ती २०१४ मध्ये परत मिळाली. २०२५ च्या सप्टेंबरात वीज आणि पाण्यासाठी तरुण पोरं रस्त्यावर उतरली, ऑक्टोबरात परत लष्कर आलं.

मॉरिशसमध्ये सगळं छान होतं असं नाही. १९७१ मध्ये आणीबाणी लागली, १९७२ ची निवडणूक १९७६ वर गेली, कारखान्यांतल्या बायकांना पगार तुटपुंजा होता. पण १९८२ मध्ये डाव्यांनी बेटावरच्या साठच्या साठ जागा जिंकल्या, तेव्हा हरलेले निमूट घरी गेले. आणि जिंकलेल्यांचे अर्थमंत्री पॉल बेरांजे यांनी आधीच्या सरकारचाच काटकसरीचा कार्यक्रम पुढे चालवला. पक्ष त्यावरूनच फुटला, धोरण मात्र फारसं हललं नाही. परदेशातून पैसा लावणारा माणूस हेच बघतो. पुढे भारताशी झालेल्या कर-कराराचा फायदा घेऊन (मॉरिशसमार्गे भारतात गुंतवलेल्या शेअरच्या नफ्यावर इथे कर लागत नसे) त्यांनी जो पैसा फिरवला, त्याचं कौतुक मी करणार नाही. २०१६ मध्ये आपण तो करार बदलला ते बरंच झालं.

मादागास्करच्या बायकांच्या हातात कसब नाही असं कुणी म्हणू नये. लहान मुलींच्या फ्रॉकवर त्या हाताने जे स्मॉकिंग करतात, चुणीवर चुणी बसवून वर भरतकाम, तसलं काम कमी ठिकाणी मिळतं. सँपल बघून बायर खूश होतो, आणि लगेच विचारतो, माल बंदरावर कधी पोचेल?