अबोल माणसाने पथक सांभाळावं का?

प्रश्न : आमच्या ढोल-ताशा पथकात यंदा मला प्रमुख करायचं घाटतंय. मी मुळात अबोल. नदीपात्रातल्या सरावात दीडशे जणांवर ओरडणं मला जमायचं नाही. नाही म्हणू का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, एवढ्यात नको. २००२ साली टिमोथी जज या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी स्वभाव आणि नेतृत्व यांवरचे जुने अभ्यास एकत्र तपासले. बोलकेपणाचा संबंध नेता म्हणून पुढे येण्याशी जास्त दिसला, काम नीट होण्याशी त्याहून कमी. २०११ मध्ये अमेरिकेतल्या पिझ्झा दुकानांच्या अभ्यासात तर गंमतच दिसली. नोकरमंडळी स्वतःहून सूचना करणारी असली, की अबोल व्यवस्थापकाचं दुकान जास्त नफ्यात. नुसती सांगकामी असली, की बोलक्याचं.

तेव्हा आधी पथक बघा. स्वतःहून सुचवणारे जुने वादक जास्त, की सांगाल तेवढंच करणारी यंदाची नवी पोरं? भोसरीत मी वीस वर्षं फोरमन होतो. मशीनपुढे माझा आवाज कुणाला ऐकू जायचा नाही (ओरडणाऱ्यांचाही जात नव्हता म्हणा). शिफ्टआधी दहा मिनिटं एकेकाशेजारी जाऊन उभा राहायचो, तेवढंच. नवी पोरं जास्त असतील, तर शिट्टी एखाद्या खणखणीत ताशावाल्याकडे द्या. हजेरी आणि भांडणं मात्र स्वतःकडे ठेवा.