नदी कुणाची हाय व्हय?

सोनू,

परवा बादलीत गणपती विरघळत होता तेव्हा तू विचारलंस, "तुम्ही सगळ्यांनीच नदी घाण केलीत ना? मग पुराचं वाईट कशाला वाटून घेता?" मी विषय बदलला. झोंबलं, खरं सांगते.

पूर मूर्तींमुळं आला नाही गं. 2019 ला पंचगंगेनं 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि ती 55 फुटांवर गेली. अतोनात पाऊस, धरणांतून सोडलेलं पाणी, पूररेषेतली बांधकामं असं सगळं एकदम अंगावर आलं. चिखलीच्या आत्तीचं घर त्यातच बुडालं. पण नदी आम्ही घाण केली, हेही खोटं नाही.

आबा पाटावर गणपती घेऊन पुढं, आम्ही पोरं खिरापतीवर डोळा ठेवून मागं. एका वर्षी घाटावर एक कॉलेजची पोरगी आडवी आली. "तुम्ही लोक नदी मारताय!" आबा भडकलेच. "नदी काय तुझ्या बाची हाय व्हय?" नेहमी पायरीवरून मूर्ती सोडणारे आबा त्या दिवशी मुद्दाम कमरेएवढ्या पाण्यात गेले. पुढच्या वर्षी दुसरीच पोरगी होती. तिनं नुसती बुट्टी पुढं केली, "आजोबा, निर्माल्य तेवढं इकडं द्या." दिलं की! त्याच्या पुढच्या वर्षी तीनदा पाण्यात बुडवून मूर्तीसुद्धा तिच्याच हातात दिली. पटलं म्हणून, की गुडघे दुखत होते म्हणून, देव जाणे.

कॅन्सस विद्यापीठातल्या दोन मानसशास्त्रज्ञांचा 2010 चा अभ्यास वाचला, तेव्हा आबाच आठवले. तापमानवाढ माणसांमुळं होते आणि तिचे परिणाम फार मोठे नसतील, असं ज्यांना सांगितलं त्यांना आपल्या समाजाबद्दल जास्त अपराधी वाटलं आणि काही करायची तयारीही त्यांचीच जास्त दिसली. सगळं हाताबाहेर गेलंय म्हटलं की माणूस अंग काढून घेतो, असं मी त्यातून समजले.

आता तुझं. आजवर जगानं हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा जवळजवळ चौथा हिस्सा अमेरिकेचा आहे, आणि तू जन्मानं अमेरिकन. आला ना राग? मलाही तसाच आला होता.

पुढच्या वर्षी बादली की आणखी काही, ते तू ठरव, माझा आग्रह नाही. फक्त डिसेंबरच्या विमानाचं विचारू नकोस. त्याचा धूर आपल्याच खात्यावर, हे कळतंय मला. पण आज्जीला भेटायला जायचं नाही, असं काही माझ्या तोंडून निघायचं नाही.

आई