नगरपरिषदेच्या कारभारात साध्या माणसाने लक्ष घालून काही उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंय, नगरसेवक कुणीही आला तरी गावात काही बदलत नाही, मग आपण कशाला डोकं घालायचं? माझा अनुभव सांगतो. उपयोग होतो, पण कागद हातात असेल तरच.

आमची नगरपरिषद ब वर्ग, म्हणजे लोकसंख्या 40 हजार ते 1 लाखाच्या मधली. 2023 मध्ये आमच्या आळीत नवं गटार बांधलं. पहिल्याच मोठ्या पावसात पाणी पुढे जायचं सोडून मागे फिरलं आणि शेजारच्या काकूंच्या ओट्याला लागलं. तोंडी तक्रारी करून झाल्या, काही हललं नाही. मग मी माहिती अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांच्या आत. मागितलं एवढंच: त्या कामाचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश (ठेकेदाराला काम सुरू करायला सांगणारं पत्र) आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत. ठेकेदाराचं बिल या पुस्तिकेतल्या नोंदींवरून निघतं, म्हणून ती मागायला विसरू नका. 30 दिवसांत उत्तर आलं नाही. पहिलं अपील केलं, तेव्हा कागद मिळाले.

पुस्तिकेत गटाराची लांबी 92 मीटर. रविवारी सकाळी मी आणि काका टेप घेऊन उतरलो. एक टोक त्यांनी पायाखाली दाबून धरलं, दुसरं मी ओढत नेलं. तीनदा मोजलं, तीनदा 71 भरलं. नाल्याला जोडायचा शेवटचा तुकडाच बांधलेला नव्हता. पाणी मागे का येतं ते तिथे उभ्या उभ्या कळलं. आकडे लिहिले, फोटो काढले, अकरा घरांच्या सह्या घेतल्या आणि आवक शाखेचा शिक्का मारलेली पोच मिळेपर्यंत जागचे हललो नाही. पुढच्या पावसाळ्याआधी गटार नाल्यापर्यंत गेलं. न केलेल्या कामाची नोंद कुणी केली, याची चौकशी मात्र झाली नाही. त्याचा मला आजही राग आहे.

आता नगरसेवकांबद्दल. या सगळ्या काळात आम्हाला नगरसेवकच नव्हता. डिसेंबर 2021 मध्ये मुदत संपली आणि ओबीसी आरक्षणाच्या वादात निवडणुका अडकल्या. राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांवर प्रशासक बसले, म्हणजे निवडून आलेल्या सभेच्या जागी सरकारी अधिकारी. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हटलं, तरी मतदानाला 2 डिसेंबर उजाडला. मधली चार वर्षं टिप्पणी, म्हणजे कामाचा प्रस्ताव, मांडणारा अधिकारी आणि ठराव मंजूर करणारा अधिकारी एकच. समोर बसून 'हे काम कुठलं, एवढे पैसे कसले' असं विचारणारं कुणी नाही. म्हणून 'नगरसेवक असला काय, नसला काय' हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. आमचा आत्ताचा नगरसेवक फार हुशार आहे असं नाही. पण त्याला सभेत प्रश्न विचारता येतो आणि तो प्रश्न इतिवृत्तात येतो. तो पुढच्या वेळी मत मागायला आमच्याच आळीत येणार, हेही त्याला ठाऊक आहे.

सर्वसाधारण सभा, खास कारणाने बंद ठेवलेली नसेल, तर आपल्यालाही बसून ऐकता येते. फार थोड्यांना हे माहीत असतं. आधी विषयपत्रिका मिळवा. 'आयत्या वेळचे विषय', म्हणजे विषयपत्रिकेत नसलेले, आले की कान टवकारा, न वाचता हात वर होतात ते तिथेच. एखादा ठराव बेकायदेशीर किंवा लोकांना त्रासाचा वाटला, तर 1965 च्या नगरपरिषद कायद्याच्या कलम 308 खाली त्याची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. त्यांच्याकडे लेखी अर्ज द्या, सोबत ठरावाची प्रत जोडा.

आणि काही मागायचं असेल तर अर्थसंकल्पाच्या आधी मागा, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत. आम्ही यंदा एकच काम लिहून दिलं: शाळेकडे जाणाऱ्या बोळात तीन दिव्यांचे खांब. बोळाचा हाताने काढलेला नकाशा जोडला, खांब कुठे हवेत तिथे फुल्या मारल्या. नगरसेवकाने तो कागद घडी करून खिशात ठेवला नाही, टेबलावर पसरून पाहिला.