हॅवलॉकवर राहायला कुठला भाग चांगला? सोबत आई-वडील आणि लहान मुलं आहेत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इचलकरंजीहून सहा जण निघताय. तुम्ही दोघं, सात आणि दहा वर्षांची मुलं आणि सत्तरीतले आई-वडील. जानेवारीत अंदमान, त्यातल्या तीन रात्री हॅवलॉक बेटावर. राधानगर, गोविंदनगर की विजयनगर हे ठरत नाही, कारण फोटोत सगळीकडचं पाणी सारखंच निळं दिसतंय.

गोविंदनगर धरा, आणि तिन्ही रात्री तिथंच राहा. राधानगरला मुक्काम नको, पण दोन वेळा नक्की जा. मी कोल्हापूरचा. दोन वर्षांपूर्वी जवळपास असंच कुटुंब घेऊन गेलो होतो आणि फोटोवरूनच खोली घेतली होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नावांचा घोळ. हॅवलॉकचं सरकारी नाव २०१८ पासून स्वराज द्वीप आहे आणि पोर्ट ब्लेअरचं २०२४ पासून श्री विजयपुरम. तिकिटावर नवं नाव दिसलं तर घाबरू नका, बोलताना लोक जुनंच वापरतात. बीचना नंबर आहेत. बोट लागते ती जेटी १ नंबरजवळ, गोविंदनगर ३, विजयनगर ५, राधानगर ७. गावांची नावं कृष्णाच्या घरातली वाटतात: गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांना १९५० च्या दशकात इथं जमिनी देऊन वसवलं, त्यांची ही गावं. आमच्या आईनं राधानगर ऐकलं आणि म्हणाली, "राधानगरी आपल्याकडंच आहे की, दाजीपूरला जाताना लागते!"

आता मुद्द्याचं. ३ आणि ५ नंबर बेटाच्या पूर्व अंगाला आहेत, ७ नंबर पश्चिमेला. पूर्वेला सूर्योदय, पश्चिमेला सूर्यास्त, हे सगळे सांगतात. कुणी सांगत नाही ते हे, की पूर्वेकडचा किनारा उथळ आहे आणि खाली दगड नि मेलेलं प्रवाळ आहे. भरतीला पाणी हॉटेलच्या पायरीजवळ येतं आणि फोटो तेव्हाच काढलेला असतो. ओहोटीला तेच पाणी इतकं मागं सरतं की पोहायचं सोडाच, पाय भिजवायलाही लांब चालत जावं लागतं. राधानगरला तसं नाही. तिथं स्वच्छ वाळूचा उतार आहे, पाणी मागं गेलं तरी खाली वाळूच लागते. दोनेक किलोमीटरचा किनारा, मागं उंच झाडी. टाइम मासिकानं २००४ साली त्याला आशियातला सर्वात चांगला बीच म्हटलं होतं आणि २०२० मध्ये त्याला ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ नि सुरक्षित किनाऱ्याचं आंतरराष्ट्रीय मानांकन, मिळाला. त्या कौतुकात काही खोटं नाही.

आम्ही विजयनगरला समुद्रासमोरची कॉटेज घेतली होती, साध्या खोलीपेक्षा बरेच जास्त पैसे मोजून. दुपारी साडेतीनला पोचलो. मुलांनी बॅगा टाकल्या आणि समोर पळाली. समोर समुद्र नव्हता. राखाडी दगडांचं, शेवाळाचं मैदान पसरलेलं, मध्ये दोन होड्या एका कुशीवर कललेल्या, आणि पाण्याची रेघ पार लांब. आई पायरीवर उभी राहून म्हणाली, "अरे, पाणी कुठाय?" धाकटी तरीही आत गेली आणि प्रवाळावर तळपाय कापून घेऊन परत आली. मालकाला विचारलं तर तो म्हणाला, "कल सुबह दस बजे आएगा।" आणि खरंच आलं. दुसऱ्या दिवशी दहाला तेच मैदान हिरव्यागार पाण्याखाली होतं, पायरीवर बसून आईनं पाय सोडले. पण दहाला आम्ही दुसरीकडं निघालेलो. पैसे मोजून घेतलेला समुद्र दिवसातून काही तासच आमच्या वाट्याला आला.

यात मालकाची लबाडी म्हणता येणार नाही. त्या दिवशी पौर्णिमा होती हे आम्हीच पाहिलं नव्हतं. मालवणकडच्या कुणा ओळखीच्याला विचारा, तो लगेच सांगेल. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जितकं वर चढतं तितकंच मागं ओढतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा चढ-उतार कमी. म्हणजे तुमच्या तीन रात्री अष्टमी-नवमीला धरून येत असतील तर पूर्वेकडच्या किनाऱ्यावरही बऱ्यापैकी समाधान मिळेल. वेळा मात्र कोकणच्या गणितानं काढू नका. तिथीला पाऊण पट करून भरतीचा तास काढायची आपल्याकडची पद्धत आहे, त्या हिशोबानं पौर्णिमेची भरती सव्वाअकराच्या आसपास पडायला हवी. आम्हाला ती दहालाच मिळाली. तिकडच्या वेळा हॉटेलवाल्याला किंवा डायव्हिंगवाल्यांना विचारा, त्यांचं सगळं कामच त्या तक्त्यावर चालतं.

मग राधानगरलाच का राहू नये? तुम्ही दोघंच जाणार असता तर मीही तेच सांगितलं असतं. पहाटे बाहेरचे लोक यायच्या आधी तो किनारा जवळजवळ रिकामा असतो, त्यासाठी जास्तीचे पैसे मोजावेत असा आहे. पण तिकडं राहायच्या जागा मोजक्या आणि महाग. जेटीपासून साधारण अकरा-बारा किलोमीटर. अंधार पडला की बाहेरच्या टपऱ्या आवरतात, मग जेवण हॉटेलात जे मिळेल ते. वडिलांची गोळी संपली, मुलाला ताप आला, आईला साधा वरणभात हवा झाला, तर रात्री त्या जंगलातल्या रस्त्यानं बाजारात यायचं. तरुण जोडप्याला त्याचं काही वाटत नाही. सत्तरीतल्या माणसाला वाटतं, आणि ती माणसं बोलून दाखवत नाहीत.

गोविंदनगरला बाजार पायाखाली आहे. औषधाचं दुकान, सरकारी दवाखाना, एटीएम, फळं, रिक्षा. जेटी जवळ, त्यामुळं बोटीच्या दिवशी पहाटे धावपळ नाही. जेवण बंगाली वळणाचं. मोहरीच्या वाटणातला मासा, पातळ डाळ, भात. आपल्या तांबड्या-पांढऱ्यावर वाढलेल्या जिभेला पहिल्या दिवशी अळणी वाटतं, तिसऱ्या दिवशी मी तोच झोल, म्हणजे पातळ रस्सा, मागून घेत होतो. आई शाकाहारी, तिला लुची (मैद्याची पुरी) आणि बटाट्याची भाजी रोज मिळाली. खोली बाजारालगत, रस्त्याच्या कडेची घेतलीत तरी चालेल. समुद्र दिसणाऱ्या खोलीचे जादा पैसे वाचवा आणि ते रिक्षाला घाला. एवढं मात्र फोन करून विचारा, की खोली तळमजल्यावर आहे का, बाथरूमला पायरी किती आहे, आणि ओहोटीचा एक फोटो व्हॉट्सॲपवर पाठवता का. तिसरा प्रश्न ऐकून जो मालक सरळ उत्तर देतो त्याच्याकडं राहावं.

विजयनगरचा किनारा गोविंदनगरपेक्षा देखणा आहे हे खरंय. पाण्यावर ओणवी झालेली मोठी झाडं, भरतीला त्यांच्या बुंध्यापर्यंत पाणी. स्कूबा शिकायला आलेल्यांनी तिथं राहावं, डायव्हिंगची दुकानं याच पट्ट्यात आहेत आणि ते लोक सकाळी लवकर पाण्यात उतरतात. तुम्हा दोघांपैकी कुणी स्कूबा करणार असेल तर ते पहिल्या दिवसांत उरका. पाण्याखालून आल्यावर किमान अठरा तास, जमल्यास पूर्ण दिवस, विमानात बसायचं नसतं.

आता वेळेचं, कारण आम्ही तिथंही चुकलो. घड्याळ आपलंच आहे पण अंदमान आपल्या पूर्वेला खूप लांब आहे, सूर्य कोल्हापूरपेक्षा तासाभराहून आधी मावळतो. रंकाळ्यावर सव्वासहाला सूर्यास्त बघायची आमची सवय. पावणेपाचला विजयनगरहून रिक्षा केली, अर्ध्या तासानं राधानगरला उतरलो तर सूर्य नुकताच बुडालेला, आकाश तेवढं लाल, आणि जीवरक्षक शिट्ट्या वाजवून लोकांना पाण्याबाहेर काढत होते. वडील चपला हातात घेऊन ओल्या वाळूत उभे राहिले आणि म्हणाले, "उद्या लवकर येऊ." दुसऱ्या दिवशी आम्ही दोनलाच गेलो. मुलं तीन तास पाण्यात, आजी-आजोबा झाडाखालच्या बाकावर, आणि सव्वापाचच्या सुमारास सगळ्यांनी मिळून सूर्य बुडताना पाहिला. वडील आता नाहीत. त्या संध्याकाळचा त्यांचा फोटो आमच्या दिवाणखान्यात आहे. म्हणून सांगतो, पहिल्या संध्याकाळी घाई करू नका, दुसरी पूर्ण दुपार राधानगरला द्या. तिसऱ्या दिवशी सकाळी सहालाच परत जा. तेव्हा ऊन कोवळं असतं आणि वाळूवर खेकड्यांनी रात्रभर काढलेल्या बारीक गोळ्यांची नक्षी कुणी तुडवलेली नसते. आमची धाकटी पायाला पट्टी बांधून तासभर त्या नक्षीपाशी बसली होती.

पाण्यात जीवरक्षक आहेत त्याच भागात उतरा. राधानगरच्या एका टोकाला नील्स कोव्ह म्हणून आत वळलेली शांत जागा आहे. शांत आहे म्हणून मुलांना तिकडं नेऊ नका. २०१० मध्ये तिथं मगरीच्या हल्ल्यात एका पर्यटक बाईंचा जीव गेला होता. सूचनेचे फलक पाळले की पुरे, उगाच भीती बाळगायचं कारण नाही. वाळूतल्या बारीक माश्या मात्र संध्याकाळी चावतात आणि आठवडाभर खाजतं. मुलांना लांब पायजमे घाला, खोबरेल तेल चोळा.

एलिफंट बीचला तुम्ही आणि मुलं जा, जेटीवरून बोटी सुटतात, स्नॉर्केलिंग तिथंच चांगलं. आई-वडिलांना त्या दिवशी विश्रांती द्या. कालापत्थर बीच विजयनगरच्या पुढं आहे, पहाटे एक चक्कर मारून शहाळं पिऊन या, तेवढं पुरे.

तीन रात्रींतली एक नील बेटाला, म्हणजे शहीद द्वीपला, द्यावी का असंही विचारलंय. वय बघता बेट छान आहे: लहान, सपाट, अंतरं कमी. गावांची नावं तिथं रामायणातली, भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर. पण एका रात्रीसाठी बॅगा बांधून बोट बदलणं सत्तरीत जड जातं. चौथी रात्र काढता आली तर जा, तीनच असतील तर नको. गेलात तर एक गंमत लक्षात ठेवा. लक्ष्मणपूरचा दगडी नैसर्गिक पूल नीट बघायचा तर ओहोटीच हवी. हॅवलॉकवर जिची वाट चुकवायची, तिचीच तिथं वाट बघायची.

परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरला येऊन राहा. हॅवलॉकची बोट आणि विमान एकाच दिवशी ठेवू नका, वारा वाढला की बोटी रद्द होतात आणि विमान थांबत नाही. त्या दिवशीची दुपार सेल्युलर जेलला द्या. सावरकरांना १९११ मध्ये तिथं आणलं, थोरले बाबाराव त्याआधीपासूनच तिथं होते, आणि दोघा भावांना एकमेकांशी बोलायची मुभा नव्हती. तुमचे वडील त्या कोठडीच्या दारात बराच वेळ उभे राहतील, त्यांना घाई करू नका.

आणि विमानतळावर निघताना मुलांचे खिसे तपासा. प्रवाळाचा तुकडा किंवा शंख उचलून आणणं गुन्हा आहे, सामान तपासताना काढून घेतात. आमच्या थोरल्याच्या खिशात एक पांढरा तुकडा निघाला होता, धाकटीचा पाय कापला होता त्याच दगडांतला.